तीन तासांचा चेहरा

आमच्या बोर्डवाल्या वहिनींची नोकरी राहणार की जाणार, हे एका सकाळी माझ्या नाकावर येऊन ठेपलं होतं. नाक ही माझी फार अभिमानाची जागा नाही. लहानपणी दारावर आपटून ते जे डावीकडे कललं, ते तसंच राहिलं. त्याच्यावर कधी कुणाचं काही अवलंबून असेल, असं मला पन्नास वर्षांत वाटलं नव्हतं.

पण आधी वहिनी. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. खाली माझं झेरॉक्सचं दुकान. गल्लीतल्या सगळ्यांचे कागद माझ्या मशीनखालून जातात, त्यामुळे कुणाचं लग्न जमलं, कुणाची बदली झाली, कुणाच्या पोराने कितव्यांदा गणितात गटांगळी खाल्ली, हे मला त्या त्या घराच्या आधी कळतं. कळलं की मी सांगतो. लोक मला ‘रेडिओ’ म्हणतात. मी रागावत नाही. रेडिओ काय रागावणार?

वहिनींचा नवरा बोर्ड रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या साबणाच्या जाहिराती, निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांचे हात जोडलेले चेहरे. वहिनी तेव्हा फक्त रंग कालवायच्या, ब्रश धुवायच्या आणि पत्र्याला अस्तर मारायच्या. एके दिवशी नवरा परांचीवरून पडला. कंबर गेली ती गेलीच. औषधाच्या दुकानाची पाटी अर्धी राहिली होती. तिसऱ्या दिवशी वहिनी शिडी घेऊन गेल्या आणि उरलेली अर्धी पुरी करून आल्या. दुकानदाराने संध्याकाळी निरोप पाठवला, “पेंटर लवकर बरा झाला म्हणायचा!” पेंटर पुढे दोन वर्षं अंथरुणात होता आणि तिथूनच गेला. पाट्या मात्र थांबल्या नाहीत.

त्यांची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत आहे. चार फटकारे मारायचे, शिडीवरून उतरायचं, हातातल्या ब्रशसकट रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघायचं. परत यायचं, दोन फटकारे, परत पलीकडे. टेम्पोवाले करकचून ब्रेक लावतात, काच खाली करून तोंडसुख घेतात. वहिनी ब्रश हलवून त्यांनाच बाजूला घेतात. मी एकदा म्हणालो, “वहिनी, एखाद दिवशी टेम्पोखाली जाल.”

“हातभरावरून बोर्ड वाचायला कोण येतंय, भाऊजी? पलीकडून दिसतो तो बोर्ड. जवळून दिसतो तो नुसता रंग.”

दुसरी सवय नवऱ्याकडून आलेली. चेहरा काढायचा तो असा, की माणूस ओळखू आला पाहिजे आणि पाटी बघून त्याचं स्वतःचं मन भरलं पाहिजे. म्हणजे दहा वर्षं कमी करायची, तीळ-चामखीळ पुसायची, गळ्याखालची वळकटी कॉलरमध्ये ढकलायची. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांना त्यांनी पाटीवर इतके दाट केस दिले, की पेशंट आत जाऊन खुद्द डॉक्टरांनाच विचारायचे, “मोठे डॉक्टर कधी येतील?” डॉक्टरांनी पाटी बदलली नाही. दर दिवाणखान्यात आरसा असतोच. पाटी कशाला आरशासारखी हवी?

आता गंमत बघा. याच वहिनी अकरा वर्षं आमच्या शाळेत हंगामी चित्रकला शिक्षिका आहेत, आणि तिथे त्यांचं सगळं उलटं. पोरांनी डोंगर, त्यामागे सूर्य आणि झोपडी काढली, की कागद परत. “ही झोपडी कुठे बघितलीस?” पोरगं डोकं खाजवतं. “मग ज्याच्या दारातून रोज ये-जा करतोस ते काढ.” पहिल्या दिवशी त्या टेबलावर एक जुनं कुलूप ठेवतात. पेन्सिल उचलायची नाही. आधी दहा मिनिटं बघायचं. किल्ली कुठून जाते, कडी कुठे अडकते, गंज कुठून धरलाय. मग काढायचं.

या कुलपाने काय काय उघडलं ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांची एक विद्यार्थिनी सरकारी दवाखान्यात औषधं देते. म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. सकाळची गोळी संध्याकाळी घेऊन परत दवाखान्यात. तिने पाकिटांवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि झोपलेला माणूस काढायला सुरुवात केली. आता ती चित्रं माझ्याकडे शेकड्याने झेरॉक्सला येतात. दुसरा एक पंप दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाला आतला बिघाड कागदावर काढून दाखवतो आणि मगच स्क्रू पिळतो. त्याच्यावर लोकांचा एवढा विश्वास, की पंप चालू असला तरी बोलावतात.

असो. गेल्या वर्षी परिपत्रक आलं. तेही आधी माझ्याच मशीनखालून गेलं. प्रमाणपत्र नसलेल्या हंगामी शिक्षकांना पुढच्या महिनाअखेर कमी करावं. ज्या शाळेत प्रमाणपत्रधारक कलाशिक्षक नाही, तिथे ते तास इतर विषयांना द्यावेत. मी वाचलं आणि मशीन बंद केलं. गल्लीत ते सांगायला माझ्याच तोंडाने कधी नाही तो नकार दिला.

शाळेच्या कमिटीची बैठक झाली तेव्हा मी प्रती द्यायला गेलो होतो. आठ प्रती मोजायला मला अर्धा तास लागला. कमिटीत सिमेंटचे व्यापारी प्रमुख.

“बाई, मनावर घेऊ नका,” सिमेंटवाले म्हणाले. “आपला देश अजून उभा राहतोय. पोरांना गणित आलं पाहिजे, कॉम्प्युटर आला पाहिजे. फुलंपानं काढायला पुढे सगळं आयुष्य पडलंय.”

“मी फुलं शिकवत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“मग काय शिकवता?”

“बघायला.”

“डोळे सगळ्यांनाच असतात की हो!”

“तुमच्या गोदामाच्या दाराला बिजागऱ्या किती?”

सिमेंटवाल्यांनी वर पंख्याकडे बघितलं. “चार असतील.”

“तीन,” मी दारातून म्हणालो. “खालची निघालीय. परवा बघितली.”

हेडमास्तर वळले. “तुम्ही अजून इथेच?”

पण हसण्यावारी गेलं तरी निर्णय बदलत नव्हता. सिमेंटवाल्यांनी हात टेबलावर ठेवले. “मला तुमच्याशी वैर नाही, बाई. प्रमाणपत्र आणा, तास तुमचे. नाहीतर एक तारखेपासून चित्रकलेच्या खोलीत कॉम्प्युटर.”

प्रमाणपत्राच्या परीक्षेचे चार पेपर. अक्षरं, नक्षी आणि वस्तू हे तीन वहिनी केव्हाच पास झाल्या होत्या. अक्षरांत तर केंद्रात पहिल्या. अडलं होतं चौथ्यात. चौथा पेपर जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा. समोर बसलेला माणूस सुट्ट्या धरून तीन तासांत कोळशाच्या कांडीने, म्हणजे चारकोलने, काढायचा. त्यात त्या दोनदा नापास. वयाची अट पंचेचाळीस आणि वहिनींना चव्वेचाळीस पुरी होऊन आठ महिने झालेले. म्हणजे ही शेवटची खेप.

“हात चालतो हो माझा,” जिन्यात त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा मला वाटलं, झकास झालंय. आजूबाजूच्या पोरींपेक्षा स्वच्छ. तरी नापास. आणि का, ते कुणी सांगत नाही.”

त्यांनी सराव सुरू केला. आधी सासूबाईंना बसवलं. सासूबाई सत्तरीच्या, कागदावर तिशीच्या उतरल्या. त्यांनी ते चित्र पलंगावर टांगलं आणि दुसरं काढू देईनात. “एकदा इतकी छान आलेय, आता बिघडवू नकोस.” मग लेक, मग आमची सौभाग्यवती, मग दूधवाला. घरोघर परीक्षेचा अभ्यास चालला होता आणि घरोघर माणसं तरुण होत चालली होती. कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मलासुद्धा नाही. बायको तर आठवडाभर माझ्याशी गोड बोलत होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्राचा कारकून हॉलच्या याद्या झेरॉक्सला घेऊन आला. घामाघूम. “एका हॉलचा मॉडेल तापाने आडवा झालाय हो. उद्यासाठी पन्नाशीतला माणूस हवाय. चेहऱ्यावर काहीतरी असलेला.”

“माझ्या चेहऱ्यावर भरपूर आहे,” मी म्हणालो.

“तीन तास गप्प बसाल?”

घरी हे सांगितलं तेव्हा बायकोला हसता हसता ठसका लागला, पण कारकुनाला माझी ख्याती माहीत नव्हती. आणि खरं सांगतो, यादीत वहिनींचा नंबर दोन नंबरच्या हॉलमध्ये आहे हे मी बघून ठेवलं होतं. म्हणून मीच म्हणालो, “दोन नंबरमध्ये बसतो, तिथे उजेड बरा असतो.” मला नुसती मजा बघायची होती. वहिनींना आधी सांगायचं नाही, एकदम खुर्चीवर दिसायचं आणि त्यांचं तोंड बघायचं. मग वर्षभर ती गोष्ट सांगत सुटायचं.

सकाळी हॉलमध्ये चौथऱ्यावर मला बसवलं तेव्हा उमेदवार यायचे होते. कागद टेकवायचे वीस-बावीस ईझल दाटीवाटीने मांडलेले. सुपरवायझरने नियमांचं चोपडं उघडून वाचलं. “मॉडेलने हलू नये. मॉडेल आणि उमेदवार यांच्यात एक शब्द जरी बोलणं झालं, तरी उमेदवाराची उत्तरपत्रिका रद्द.”

“रद्द म्हणजे?” मी विचारलं.

“रद्द म्हणजे घरी.”

मी सटकायचं ठरवत होतो, तोवर दार उघडलं आणि उमेदवार आत आले. सगळ्या विशीतल्या पोरी, पोरं. शेवटी वहिनी, काखेत कागदाचं भेंडोळं. त्यांनी मला बघितलं. चेहऱ्यावरचा रंग झर्रकन उतरला. ओठ हलले. मी घाईघाईने छताकडे बघितलं. पुन्हा खाली बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा बंद दारासारखा झाला होता.

त्यांची जागा शेवटच्या रांगेत, मागच्या दाराला लागून. पाठीशी सुपरवायझरचं टेबल. मागे सरकायला वीतभर जागा नाही. प्रत्येकाच्या कागदावर शिक्का मारला. एकच कागद, फाटला, बिघडला तरी दुसरा नाही. घंटा झाली.

पहिला पाऊण तास मी नुसता चांगला दिसत होतो. म्हणजे तसा प्रयत्न करत होतो. मागे एका आजारात माझी डावी पापणी उतरली, ती कायमची. चारचौघांत मी भुवई थोडी उचलून धरतो, मग कळत नाही. हनुवटीही जरा वर ठेवतो, म्हणजे खालची दुसरी हनुवटी पहिलीत जमा होते. आज सगळी शक्ती मी या दोन कामांना लावली. आणि बोलणं! अहो, जीभ दातांवर आपटत होती. समोरच्या पोराच्या शर्टाचं बटण भलत्याच काजात लावलं होतं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा प्राण जाईल असं वाटत होतं.

पहिली सुट्टी वीस मिनिटांची. पाय मोकळे करायला मी ईझलांमधून फिरलो. पोरांनी भयंकर चित्रं काढली होती. कुठे नाक ढेकळासारखं, कुठे एक डोळा मिटलेला, कुठे गळा पिशवीसारखा लोंबणारा. मला त्यांचा राग आला. मग वहिनींच्या ईझलपाशी पोचलो आणि थबकलो.

काय चित्र होतं! नाक सरळ. दोन्ही डोळे टपोरे. कपाळावर केस असे, की मी कॉलेजात असतानाही नव्हते. रेघ एकही डळमळलेली नाही. हा मी नव्हतो, पण व्हायला माझी अजिबात हरकत नव्हती. परीक्षेनंतर एखादं चित्र मॉडेलला देतात, असं कारकून बोलला होता. दुकानात मशीनच्या वर खिळा कुठे ठोकायचा ते मी मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात पलीकडच्या दोन पोरी कुजबुजल्या, “त्या काकू कुणाला काढतायत गं?” आणि तोंडावर हात धरून हसल्या.

मी चौथऱ्यावर येऊन बसलो. परीक्षक फिरत आले. पांढऱ्या दाढीचे, बुटांचा आवाज न करणारे. ते सुपरवायझरला हळू आवाजात, अगदी माझ्या कानाशी म्हणाले, “दर वर्षी एक-दोघे येतात. हात तयार, सफाई आहे. पण समोर कोण बसलंय ते बघतच नाहीत. सुंदर काढल्याचे गुण नाहीत इथे. माणूस ओळखू येत नसेल तर मी शून्य देतो.”

घंटा झाली. दुसरा पाऊण तास सुरू झाला आणि मला पहिल्यांदाच सगळं लखलखीत दिसलं. पलंगावरच्या तिशीतल्या सासूबाई. दाट केसांचे डॉक्टर. दोनदा ‘झकास’ झालेले आणि दोनदा नापास झालेले पेपर. अकरा वर्षं पोरांना कुलूप दाखवणाऱ्या बाई चेहरा समोर आला की पाटी रंगवायला लागत होत्या, आणि त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. आणि ज्या एका माणसाला कळलं होतं, त्याला तोंड उघडायची बंदी.

मी खोकलो. वहिनींनी वर बघितलं. मी डोळे मोठे केले. त्यांनी डोळे आणखी टपोरे केले, कागदावर.

मी पुन्हा खोकलो, जरा लांबण लावून.

“मॉडेल!” सुपरवायझर गरजला. “पुन्हा आवाज आला तर बोलणं झालं अशी नोंद करीन.”

वहिनींच्या हातातली चारकोलची कांडी मोडली. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यात राग नव्हता. भीती होती. तुम्ही माझी नोकरी घालवणार आहात, भाऊजी, असं ते बघणं होतं. त्यानंतर मी श्वाससुद्धा मोजून घेतला. त्या कागदावर माझ्या कॉलरला इस्त्री करत होत्या. माझी कॉलर त्या दिवशी फाटलेली होती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा असा पळत होता, जणू त्यालाही कुठे तरी कामावर पोचायचं होतं.

दुसरी सुट्टी. आता एकच बैठक उरली. मी उठणार, पायांना मुंग्या आलेल्या, इतक्यात वहिनी अस्वस्थपणे मागे सरकल्या आणि त्यांची कंबर टेबलावर आपटली. पुन्हा सरकल्या, पुन्हा टेबल. मग त्यांनी सुपरवायझरला विचारलं, “बाहेर जाऊ का? पलीकडच्या व्हरांड्यात?”

“कागद इथेच ठेवा. बोलू नका कुणाशी.”

दार उघडंच होतं. मधे मोठं अंगण, पलीकडे दुसरा व्हरांडा. वहिनी चारकोलने काळे झालेले हात तसेच धरून अंगण ओलांडत निघाल्या, आणि मला कळलं त्या कशाला चालल्या आहेत. रस्ता ओलांडायला! दाराच्या चौकटीतून त्यांना त्यांचं चित्र दिसणार होतं आणि चित्राच्या पलीकडे खुर्ची. खुर्चीत माणूस असला तर.

सगळा हॉल चहाला बाहेर पडत होता. माझे पाय ठणकत होते, मूत्राशय वेगळीच तक्रार करत होतं. मी उठलो नाही. आणि मग मी एक गोष्ट केली जी बायकोसमोरही कधी केलेली नाही. भुवई सोडून दिली. पापणी तिच्या जागी उतरली. हनुवटी सैल केली, दुसरी तिच्याखाली येऊन बसली. गाल ओघळले. आतापर्यंत तोंड बंद होतं ते हुकमाने. आता ते आपोआप मिटलं. मशीनवरचं ते चित्र, तो खिळा, सगळं मनातून खाली उतरवलं आणि नुसता बसून राहिलो.

अंगणापलीकडे वहिनी उभ्या होत्या. हलत नव्हत्या. पाच मिनिटं. दहा. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होतो. मग त्यांचा हात वर गेला आणि कपाळाला लागला; चारकोलचा काळा पट्टा उमटला. त्या धावत आल्या. खरंच धावत, चपला वाजवत.

घंटा झाली. वहिनींनी पिशवीतून फडकं काढलं आणि पूर्ण चेहरा पुसून टाकला. एका हाताने, वरून खाली, जशी जुनी पाटी पुसतात. शेजारची पोरगी “अय्या!” म्हणून ओरडली. सुपरवायझर अर्धा उठला आणि परत बसला. शिक्क्याचा कागद राखाडी झाला होता आणि वेळ उरली होती पंचेचाळीस मिनिटं.

पहिली दहा मिनिटं त्या नुसत्या बघत होत्या. कांडी उचलली नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो काढा! काटा पळतोय! कपाळावरून घाम निघाला आणि नाकाच्या कललेल्या बाजूने खाली आला. मी पुसला नाही. मला आयुष्यात इतकं कुणी बघितलं नव्हतं. आईने बघितलं असेल, पण तेव्हा मला कळत नव्हतं.

मग हात चालू झाला. पाटीसारखा सफाईने नाही. अडखळत, खरडत, मधेच बोटाने पुसत, पुन्हा गडद करत. त्या मान वर करायच्या, बघायच्या, एक रेघ. पुन्हा वर. परीक्षक त्यांच्या मागे येऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत. वीस मिनिटं. दहा. पाच. पोरं नावं-नंबर घालायला लागली. वहिनी अजून माझ्या उतरलेल्या पापणीशी झगडत होत्या.

“कांड्या खाली!”

वहिनींनी कांडी खाली ठेवली. मी चौथऱ्यावरून उतरताना पडता पडता वाचलो.

परीक्षकांनी मला बोटाने बोलावलं. “इकडे या. या कागदाशेजारी उभे राहा. मान अशी.” ते कागद बघत होते, मला बघत होते. मला कागद दिसत नव्हता. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही या बाईंना ओळखता?”

तीन तास जिला दाबून धरलं होतं ती जीभ आता टाळ्याला चिकटली. हो म्हणावं तर पेपर जाणार. नाही म्हणावं तर, त्यांच्या नजरेला नजर देऊन म्हणता येईना. मी रेडिओ, आणि मला एक शब्द सापडेना.

“माझे शेजारी आहेत,” वहिनी म्हणाल्या. “बावीस वर्षं.”

सुपरवायझरने झटकन चोपडं उघडलं. “हे आधी सांगायला हवं होतं!”

“मला आजच सकाळी खुर्चीवर दिसले. आणि बोलायचं नाही, असा नियम होता.”

“यांच्यात बोलणं झालं?” परीक्षकांनी विचारलं.

सुपरवायझर पानं उलटत राहिला. “बोलणं नाही, सर. दोनदा खोकले. मी दम दिला. पण ओळखीचा मॉडेल...” त्याने आणखी दोन पानं उलटली. “ओळखीबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाही ना? मग मिटवा ते.” परीक्षक वहिनींकडे वळले. “शेजाऱ्याचा चेहरा म्हणजे पाठच असेल तुमचा.”

“नाही, सर,” वहिनी म्हणाल्या. “बावीस वर्षं यांना नुसतं ऐकलंय. बघितलं आत्ता, पाऊण तास.”

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या ईझलकडे गेले. काय लिहिलं ते दिसलं नाही. पहिल्यांदाच एक कागद माझ्या नजरेतून निसटला.

घरी येताना वहिनी चार चौक माझ्या पुढे झपाझप चालत होत्या. पाचव्या चौकात थांबल्या. “भाऊजी, तुम्हाला अक्कल म्हणून काही आहे का?”

“वहिनी, मी...”

“माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही तिथे खोकताय! खोकताय! घरी काढा पाजायला कुणी नव्हतं?”

“मला वाटलं, तुम्हाला सांगावं, की...”

“काही सांगू नका. बावीस वर्षं सांगताय.” पुढे चार पावलं गेल्या, पुन्हा वळल्या. कपाळावरचा काळा पट्टा तसाच. “दुसऱ्या सुट्टीत उठला का नाहीत?”

“पाय आखडले होते.”

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. एकदा अशी नजर लागली की खोटं बोलायला फार जड जातं. मी वाणसामानाच्या दुकानाकडे बघत चालू लागलो.

निकालाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे वहिनींनी एकही पाटी घेतली नाही. सासूबाई मला जिन्यात गाठून विचारायच्या, “काही कळलं का रे?” आणि मला काहीच कळलेलं नसायचं. त्या दिवसांत माझी गल्लीतली पत पार घसरली. शाळेत कॉम्प्युटरची खोकी येऊन पडली होती. महिना संपायला चार दिवस होते.

सव्वीस तारखेला दुपारी वहिनी स्वतःच दुकानात आल्या. कागद काउंटरवर ठेवला. “दोन प्रती.”

मी वाचला. चेहरा: उत्तीर्ण. वर्ग: तिसरा. खाली परीक्षकाच्या हस्ताक्षरात एक ओळ होती. ‘कान अपूर्ण.’

“कान?” मी म्हणालो.

“तुमचे कान काढायला वेळच उरला नाही.”

“वहिनी, अहो, माझ्याकडे दुसरं आहे काय? डोळ्यांनी मी दोन आण्याचं काम करतो, बाकी सगळं कानांवर! तेच वगळलंत?”

त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. हसता हसता काउंटरला धरून खाली बसल्या, आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. मी पाण्याचा ग्लास खाली नेऊन दिला आणि मशीन उगाचच चालू ठेवलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

तास राहिले, पण आठवड्याला तीनचे दोन झाले. सिमेंटवाल्यांनी शब्द पाळला तो असा अर्धवट. खोलीही अर्धी, उरलेल्या अर्ध्या भागात कॉम्प्युटरची खोकी छतापर्यंत. एक तारखेला मी प्रती द्यायला शाळेत गेलो तेव्हा वहिनींचा तास चालू होता. चाळीस-एक पोरं दाटीने जमिनीवर बसली होती, आणि सगळी टक लावून समोर बघत होती.

हेडमास्तर माझ्या मागून दारात आले. “बाई, तेवढं सांभाळा. त्या खोक्यांवर रंग सांडायला नको.”

“रंग नाही काढलेत आज,” वहिनी म्हणाल्या. “खोकीच काढतोय. बसा, सर, पुढे येऊ नका. उजेड अडतोय.”